बांगबाईंचे माप

बुप्योंगच्या भुयारी बाजारात चुनोकचे कपडे दुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक इस्त्री, पडद्याआड कपडे बदलण्यापुरती जागा आणि गिऱ्हाइकाला बसायला स्टूल. पँट आखूड करणे, चेन बदलणे, मोठ्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगाला बसवणे ही तिची कामे. माप घेताना ती बोलत नसे. गिऱ्हाईक जिन्याच्या दिशेने दिसेनासे झाले की मात्र शेजारच्या मोजेवाल्या माल्सुककडे वळून म्हणे, "बघितलंस? बाहेरून तोलणारी बाई आहे. कोट कसा दिसेल ते नाही विचारलं. कधी मिळेल तेच विचारलं."

"तुझ्या सोळा भुतांपैकी हे कितवं?" माल्सुक मोज्यांच्या जोड्या लावता लावता विचारी.

माल्सुक या नावात 'शेवटची' असा अर्थ आहे. आईबापांना पुढे मुली नको होत्या म्हणून तसे ठेवलेले. त्यानंतर तिला दोन बहिणी झाल्या, आणि ती ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना हसून सांगे. चुनोकपेक्षा ती थोडी लहान, म्हणून तिला 'ताई' म्हणे, आणि तोंडाला येईल ते बोले.

पहिल्या भेटीत रक्तगट विचारून स्वभाव ओळखायचे दिवस सरले होते. आता सगळे स्वभावचाचणीत मिळालेली चार अक्षरे विचारत. लग्नाची मुले विचारत, नोकरी देणारे विचारत, केस कापणारी बाई मान वाकवता वाकवता विचारे. अक्षरांचे सोळा प्रकार, त्यातला एक आपला. चुनोकला अक्षरांत फार रस नव्हता. तिला अस्तर बघायची सवय होती. अक्षरांखाली मनाची कामे असतात, ती तिने शिकून घेतली होती.

मन चार कामे करते, असे या विद्येत मानतात. टिपणे, ताडणे, तोलणे आणि जपणे. प्रत्येक काम कोणी आत वळून करतो, कोणी बाहेर बघून, म्हणून कामे होतात आठ. प्रत्येक माणसात त्यांपैकी चार ठळक असतात आणि ती रांगेत उभी असतात. पहिले घरच्या कर्त्यासारखे, सगळे त्याच्या जोरावर चालते. दुसरे त्याला हात देणारे. तिसरे जरा पोरकट. आणि चौथे म्हणजे घरातले ते माणूस, जे एरवी कोपऱ्यात गप्प बसलेले असते आणि काही बिनसले की सगळ्यांच्या वर आवाज चढवते.

चुनोक स्वतः आय एस एफ जे. तिचे पहिले काम आतून टिपणे. काल काय होते, परवा काय होते, कोणी कोणत्या कपड्यात काय म्हटले होते, सगळे तिच्याकडे घडी घालून ठेवलेले. दुसरे बाहेरून जपणे. कोणाला थंडी वाजते, कोण जेवले नाही, ते तिला सांगावे लागत नसे. तिचे चौथे काम बाहेर ताडणे. एका गोष्टीवरून चाळीस शक्यता काढणे तिला एरवी जमत नसे. मन बिघडले की मात्र ते सुरू होई, आणि चाळीसच्या चाळीस शक्यता वाईटच निघत.

ही विद्या तिला नवऱ्यामुळे लागली, तीही तो गेल्यावर. चुनोक येचनजवळच्या खेड्यातून पंधराव्या वर्षी कारखान्यात कॉलर शिवायला आली. मुनसप बसचालक होता, तो तिला त्या कारखान्याच्या थांब्यावरच भेटला. भला माणूस, पण मुका म्हणावा इतका गप्प. चुनोकची आई वारली तेव्हा त्याने तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही. घरातले शिलाई मशीन सुटे करून वर्तमानपत्रावर मांडले, एकेक भाग पुसला, तेल दिले आणि परत जोडले. हे शल्य तिने पुढची कितीतरी वर्षे बाळगले. मुनसप गेल्यावर मुलाने, दोंगुकने, तिचे मन रमावे म्हणून फोनवर ती चाचणी करून घेतली. तिथून ती वाचत गेली, आणि आतून तोलणाऱ्या माणसाविषयी वाचताना एका वाक्यापाशी थांबली. असा माणूस दुःखात जवळ येत नाही, तुमचे काहीतरी दुरुस्त करून देतो, असे लिहिले होते. तिने दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतले होते त्या दिवशी. माल्सुकला वाटले, पोट बिघडले.

इंटरनेटवर 'सोळा खोल्या' नावाचा एक गट होता. तिथे मालिकांतली, चित्रकथांतली, फोनवर भागाभागाने येणाऱ्या कादंबऱ्यांतली पात्रे उलगडून बघत. कोणी पात्र आणायचे, बाकीच्यांनी त्याचे मन उसवायचे. विद्यार्थी होते, परिचारिका होत्या, मोक्पोचे एक निवृत्त शिक्षक होते, ते तिथे 'जिन्याखालची मांजर' या नावाने लिहीत. चुनोकचे नाव 'दुहेरी टीप'. तिचा शब्द सहसा मोडत नसत, कारण ती पात्राने काय केले ते सोडून का केले तिथपर्यंत जाई.

असे सगळे बरे चालले होते, तोवर दोंगुकने विषय काढला. चुनोकच्या घराचा भाडेकरार छुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणानंतर संपत होता. घरमालकाला सणाच्या आत उत्तर हवे होते.

"आई, आता एकटी किती दिवस राहणार? आमच्याकडे खोली रिकामीच आहे," दोंगुक म्हणाला. "हारिमचंही तेच म्हणणं आहे."

हारिम त्याची बायको. श्रवणयंत्रांच्या दुकानात कामाला. हळू बोलणारी, खिडकीबाहेर बघत जेवणारी मुलगी. पहिल्याच भेटीत तिने आपली अक्षरे सांगितली होती, आय एन एफ पी, आणि सांगून लाजली होती. चुनोकला ती तेव्हा आवडली होती.

"हारिमचं म्हणणं आहे, की तुझं म्हणणं तिनं ऐकून घेतलं?" चुनोकने विचारले.

"तेच ते," दोंगुक म्हणाला.

ते तेच नव्हते, हे दुसऱ्या दिवशी कळले. घरच्या तिघांच्या गटावर हारिमचा निरोप आला. 'फ्रिजचा वरचा कप्पा आईंचा, मधला आमचा. किमचीचे डबे फक्त बाल्कनीतल्या फ्रिजमध्ये. ओटा ज्याने वापरला त्याने कोरडा करायचा. आमच्या खोलीचे दार बंद असेल तर ठोठावायचे.' निरोपाच्या शेवटी ती एरवी टाकते ते हसऱ्या सशाचे चित्रही नव्हते. चुनोकने तो निरोप माल्सुकला वाचून दाखवला.

"ही सून आहे की इमारतीची सेक्रेटरी?" माल्सुक म्हणाली.

"गप. लहान आहे ती."

"लहान लहान म्हणता तुझा कप्पा ठरला की, ताई."

त्याच आठवड्यात जिन्याखालच्या मांजरीने गटावर एक कादंबरी आणली. फोनवर भागाभागाने येणारी, लेखिकेने टोपणनाव घेतलेले. कथा साधी होती. बांगबाई नावाची एक विधवा सासू मुलाच्या घरी राहायला येणार असते, येते, आणि घराचा तुरुंग करते. मांजरीने विचारले होते, या बाईंचे मन कोण उसवून देईल? सगळ्यांनी 'दुहेरी टीप'ला हाक मारली.

चुनोकने नुकताच आलेला तिसरा भाग उघडला. बांगबाई सुनेच्या स्वयंपाकघरात आली, ओट्यावरचे फडके उचलून नाकाशी नेले, आणि पिशवीतून स्वतःची फडकी काढली. जेवणाच्या टेबलाच्या फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके, जमिनीच्या फडक्याला एकही नाही.

चुनोक उठली आणि स्वतःच्या दोरीवर वाळणारे फडके बघून आली. लाल दोरा. तीन टाके. कारखान्यातल्या वसतिगृहात मुलींची फडकी एकमेकींत मिसळत, तेव्हापासूनची ही सवय. ती कोणाला सांगायची गोष्टच नव्हती. तिच्या स्वयंपाकघरात येऊन फडके हातात घेणाऱ्यालाच ती दिसणार. नवरा गेला. दोंगुकने आयुष्यात फडके हातात धरले नव्हते. उरले कोण?

त्या दिवसापासून चुनोकचे कशात लक्ष लागेना. ती आधीचे दोन भाग वाचू लागली, वाचून झाल्यावर पुन्हा वाचू लागली. बांगबाई तीनदा शिंकते, कमी नाही, जास्त नाही. चुनोकही तीनदा शिंकते. बांगबाई सफरचंद सोलताना साल तुटू देत नाही. चुनोकही नाही. सून आली की बांगबाई वाकून तिचे जोडे फिरवून दाराकडे तोंड करून ठेवते, आणि कादंबरीतल्या सुनेला वाटते, आत्ता कुठे आले, तर ही मला बाहेरची वाट दाखवते आहे. इथे चुनोकने वाचायचे थांबवले. पाहुण्याचे जोडे फिरवून ठेवायचे, म्हणजे जाताना त्याला वळावे लागत नाही, हे तिच्या आईने शिकवलेले. हारिमचे जोडे तिने दर वेळी फिरवले होते. मायेने फिरवले होते.

पण मन उसवायचे तर रागाने उसवून चालत नाही. तिने नेहमीच्या रीतीने बांगबाईंचे माप घेतले. ही बाई हुकूम सोडते. फडकी वेगळी लावते, वेळा ठरवते, कोणाला कसे वाटेल याची पर्वा न करता नियम सांगते. बाहेरून तोलणे, तेच पहिले. मागच्या गोष्टी पक्क्या धरून ठेवते, आतून टिपणे, ते दुसरे. म्हणजे ई एस टी जे. तिने गटावर सविस्तर लिहिले. सगळ्यांनी मान डोलावली.

दोन दिवस चुनोकला हायसे वाटले. बांगबाई आय एस एफ जे नाही, म्हणजे ती मी नाही. तिसऱ्या दिवशी शिवता शिवता तिचा पाय मशीनवर थांबला. मी नाही, तर माझा लाल दोरा तिच्या घरात कसा? याचा एकच अर्थ निघत होता. हारिमला मी अशी दिसते. मी आंबवलेल्या किमचीचे डबे घेऊन जाते तेव्हा तिला हुकूम ऐकू येतो. आणि ही मुलगी मला घरात बोलावते आहे. का बोलावते? लिहायला आणखी मिळावे म्हणून?

"माल्सुक, तू माझी कात्री घेतलीस का?"

"तुझ्या गळ्यात आहे, ताई."

होती. फितीला बांधलेली, नेहमीसारखी. परवा तिने सुयांच्या डबीविषयीही असेच विचारले होते.

चुनोकने सापळा लावायचे ठरवले. हारिमला एकटीला काहीतरी सांगायचे, जगात दुसऱ्या कोणाला माहीत नसलेले, आणि ते कादंबरीत येते का ते बघायचे. रविवारी ती त्यांच्याकडे गेली. दोंगुक गाडी धुवायला खाली गेला होता. हारिमने बार्लीचे पाणी पुढे ठेवले. चुनोक आत आली तेव्हा तिने फोन पालथा टाकला होता. चुनोकने तेही टिपले.

खोटेच काहीतरी सांगायचे असे ती घरून ठरवून आली होती. पण तिला कधी काही रचता आले नव्हते. तोंड उघडले तर खरेच बाहेर आले.

"वसतिगृहात पहिल्या वर्षी मी जोडे उशाखाली घेऊन झोपायचे."

हारिमने मान वर केली. "चोरीला जातील म्हणून?"

"तसं मुलींना सांगायचे. खरं म्हणजे आगगाडीचा भोंगा ऐकू यायचा. वाटायचं, एखाद्या दिवशी उठून निघूनच जाईन. जोडे शोधत बसायला नकोत."

"गेलात कधी?"

"कुठे जाणार? कॉलर कोण शिवणार?"

हारिम हसली नाही. तिने पेला बाजूला सरकवला. मग तिने विचारले, "आई, ते जोडे कसे होते?" आणि चुनोकला वाटले, घ्या, लागली टिपायला. तरी तिने सांगितले. काळे रबरी, टाचेला फाटलेले.

पुढच्याच भागात बांगबाई मुलाच्या घरातली पहिली रात्र जोडे उशाखाली घेऊन झोपली. काळे रबरी जोडे. सून सकाळी पांघरुणाची घडी करायला गेली आणि तिला ते दिसले. तिने उशी होती तशी परत ठेवली आणि कोणाला काही बोलली नाही.

पुरावा हातात आला होता. चुनोकने फोन माल्सुकच्या नाकासमोर धरला. "वाच. आता तरी पटलं? माझं आयुष्य चोरून विकते आहे."

माल्सुकने चष्मा चढवून सगळा भाग वाचला, मधे दोन गिऱ्हाइकांना मोजे दिले, आणि परत वाचला. "जोडे तुझेच आहेत," ती म्हणाली. "पण ताई, ही पुढची बाई कोण? दुपारी उठून फ्रिजचे कप्पे वाटते ती? तू कधी कोणाला कप्पे वाटलेस? तू तर दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये जागा असेल तिथे डबा कोंबून पळून येतेस."

"मला ती अशी बघते, म्हणून लिहिलंय."

"बघत असेल. पण ही कप्प्यांची यादी मी कुठेतरी ऐकली आहे. तूच वाचून दाखवली होतीस."

चुनोकने तो निरोप काढून बघितला. वरचा कप्पा, मधला कप्पा, बाल्कनीतला फ्रिज, कोरडा ओटा, ठोठावायचे दार. बांगबाईच्या तोंडचा हुकूम आणि हारिमचा निरोप यांत शब्दाचा फरक नव्हता.

त्या दुपारी तिने मांजरीला खासगीत लिहिले. माझे माप कुठेतरी चुकले आहे, पण कुठे ते सापडत नाही. मोक्पोच्या मास्तरांचे उत्तर लगेच आले. 'दुहेरी टीप, आपल्या गटाचा नियम तुम्ही इतरांना शिकवता आणि स्वतः विसरलात. सुजलेल्या पायाचे माप घेऊन जोडा शिवत नाहीत. या कादंबरीत बांगबाईंचा एक तरी बरा दिवस दाखवला आहे का? सगळे वाईटच दिवस आहेत. वाईट दिवसांत जे काम ओरडते, ते पहिले नसते.'

ते चौथे असते. ही चूक या गटात नवखी पोरे करतात, आणि चुनोक त्यांना हसते. बांगबाई हुकूम सोडते ती बलवान म्हणून नव्हे, घाबरली आहे म्हणून. तर मग बाहेरून तोलणे रांगेत शेवटी न्यायचे. ज्याचे ते शेवटी, त्याचे पहिले काय? आतून जपणे. काय पटते आणि काय नाही हे आत घट्ट धरून ठेवणारे, बाहेर फारसे न बोलणारे मन, आय एन एफ पीचे. मागचे भाग तिने त्या नजरेने चाळले. बांगबाई हुकूम देऊन झाल्यावर दर वेळी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसते. हे तिने आधी वाचले होते आणि सोडून दिले होते.

चुनोकच्या दुकानात कोट येतात. कापड कोणाचेही असो, घालणाऱ्याचे खांदे लपत नाहीत. बांगबाईंचे कापड चुनोकचे होते. दोरा तिचा, शिंका तिच्या, उशाखालचे जोडे तिचे. खांदे हारिमचे होते.

मग आपण महिनाभर काय करत होतो? पालथा फोन, हरवलेली कात्री, मला बोलावते ती लिहायला. चाळीस शक्यता, चाळीसही वाईट. कोपऱ्यातले माणूस ओरडत होते, फक्त ते चुनोकच्या मनातले. हे कळले म्हणून संशय लगेच मावळला असे झाले नाही. घाबरली आहे ती कशाला घाबरली आहे? मलाच ना?

छुसोकच्या आदल्या दिवशी हारिम चुनोकच्या घरी तळणीला आली. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरली, मधे विजेचा तवा ठेवला. चुनोक भोपळ्याच्या चकत्या पिठात घोळवून अंड्यात बुडवून देई, हारिम तव्यावर सोडी. पितरांच्या ताटासाठी मुगाचे घावन वेगळे काढून ठेवायचे होते. दोंगुक तांदळाचे मोदक आणायला बाजारात गेला होता. घरमालकाला उत्तर संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.

"हारिम," चुनोक म्हणाली, "बांगबाईंच्या फडक्याला लाल दोरा कोणी घातला?"

उलथने हवेत राहिले.

"घावन उलट. करपेल."

हारिमने उलटले. खालची बाजू काळी झाली होती. "कधीपासून वाचताय?"

"तिसऱ्या भागापासून. आधीचे दोन मागून वाचले."

"दोंगुकला सांगितलंत?"

"तुझ्या नवऱ्याला काय सांगायचं? तो गाडी धुतो."

हारिमच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि थांबला. "आई, ती तुम्ही नाही."

"फडकं माझं, जोडे माझे. शिंकासुद्धा सोडल्या नाहीस, तीनच्या तीन घेतल्यास."

"घेतल्या. न विचारता घेतल्या, ते चुकलं. पण ती तुम्ही नाही."

"माहीत आहे," चुनोक म्हणाली. "फ्रिजचे कप्पे तुझे आहेत."

हारिमने तवा बंद केला. तेलाची चरचर हळूहळू बसत गेली. "मी तो निरोप पाठवला आणि रात्री परत वाचला. वाटलं, ही कोण बाई? मी अशी बोलत नाही. मी कोणालाच असं बोलले नाही कधी. तुम्ही अजून आलाही नव्हतात आणि मी अशी झाले होते. लिहिल्याशिवाय मला काही कळत नाही, म्हणून लिहायला बसले. आणि तिला तुमचे कपडे घातले."

"का गं? माझेच का?"

"माझे घातले असते तर ओळखलं असतं."

"कोणी?"

"मी."

चुनोकने एक चकती पिठात घोळवली, पण अंड्यात बुडवली नाही. हातातच धरून ठेवली. "मी तुझे जोडे फिरवते, त्याचा तू काय अर्थ घेतलास?"

"लवकर जा म्हणता, असं वाटायचं. पहिल्या वर्षी."

"मग?"

"मग तुम्ही दोंगुकचेही फिरवता ते पाहिलं. डिलिव्हरीवाल्याचेही."

"त्याचे नाही. तो आत कधी येतो?"

"एकदा आला होता. पाऊस होता. तुम्ही त्याला सूप दिलंत."

आला होता. चुनोक विसरली होती, तिच्यासारखी टिपणारी बाई विसरली होती, आणि हिने धरून ठेवले होते.

आता विचारायचे ते उरले होते. चुनोकने ते आडवळणाने विचारले नाही. "मी तुमच्याकडे राहायला येऊ का?"

हारिमने उलथने खाली ठेवले. आतून जपणाऱ्या माणसाला शिष्टाचाराचा होकार देता येत नाही. आणि समोरच्याला लागेल असा नकारही देता येत नाही. तिचे कान लाल झाले. ती तव्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले, पण ती 'या' म्हणाली नाही.

चुनोकला लागले. लागणारच. पण त्या लागण्याखाली दुसरे काहीतरी होते, मोकळे, हलके. जोडे उशाखाली घेऊन झोपणाऱ्या मुलीला गाडीचा भोंगा ऐकून वाटायचे तसे. महिनाभर ती त्या कादंबरीत पुरावे शोधत होती. कशासाठी? नाही म्हणायला एखादे कारण मिळावे म्हणून तर नव्हे? तिला आपला स्वतःचाच संशय आला, आणि तो खरा निघाला. तिला हे घर सोडायचे नव्हते. खालच्या बाजाराचा जिना, माल्सुकची बडबड, दोरीवरचे फडके, यातले काही सोडायचे नव्हते. मुलाला नाही म्हणणे जमत नव्हते, इतकेच.

"तवा चालू कर," ती म्हणाली. "पितरांनी काय आपल्या गप्पा खायच्या?"

दोंगुक मोदकांचा डबा घेऊन आला तेव्हा दोघी तळत होत्या. त्याने बायकोचे डोळे पाहिले, मग आईचे.

"काय झालं?"

"धूर," चुनोक म्हणाली. "ऐक, मी घरमालकाला सांगणार आहे, करार वाढवून द्या म्हणून. पाय चालेनासे होतील तेव्हा बघू."

"आपलं ठरलं होतं ना? ही काही बोलली का तुला?"

"नाही. काहीच बोलली नाही."

ते अक्षरशः खरे होते. दोंगुकला पटले नाही. तो कितीतरी वेळ दोघींकडे आळीपाळीने बघत होता आणि जेवताना एकदम थांबून म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून माझ्याविरुद्ध काहीतरी करताय." हारिमने त्याच्या वाटीत करपलेले घावन वाढले.

सणानंतर गटावर सगळे विचारू लागले, 'दुहेरी टीप' बांगबाईंविषयी पुढे का लिहीत नाही? चुनोकने लिहिले की तिचे आधीचे माप चुकले होते, आणि नवे तिला घेता आलेले नाही. कोणीतरी चेष्टा केली, एका परिचारिकेने दुःख व्यक्त केले. मांजरीने एवढेच विचारले, 'घेता आले नाही, की सांगायचे नाही?' चुनोकने फोन बाजूला ठेवून मशीन चालू केले. बांगबाईंचा एक बरा दिवस तेवढा कादंबरीत आला. त्या दिवशी ती सुनेबरोबर बाजारात गेली आणि मोजे विकणाऱ्या एका तोंडाळ बाईशी भांडली.

"ही मी आहे," माल्सुक म्हणाली. "तोंडाळ काय? मी तोंडाळ आहे?"

"कापड तुझं," चुनोक म्हणाली. "माप दुसऱ्याचं असेल."

थंडी पडू लागली तशी हारिम कधी कधी एकटीच येऊ लागली. श्रवणयंत्रांचे दुकान बंद झाले की वाटेत उतरून. पहिल्या वेळी ती घाईने आत आली. एक जोडा सरळ, एक आडवा, तसेच टाकून स्वयंपाकघरात शिरली आणि न विचारता फ्रिज उघडून बघू लागली. चुनोक सवयीने दारात वाकली. आडवा जोडा हातात घेतला, दाराकडे तोंड करणार तोच थांबली. आत हारिम विचारत होती, "आई, इथे खायला काही आहे की सगळे डबे आमच्याकडे पाठवलेत?"

चुनोकने जोडा दुसऱ्याच्या शेजारी, आत तोंड करून ठेवला आणि उठली.